वाऱ्याचे हस्ताक्षर

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागले की शहराच्या वेशीवर वाडी लागते. मालमोटारींची रांग, गोदामांची पत्र्याची छपरे आणि बाराही महिने धूळ, एवढेच जाणाऱ्या-येणाऱ्याच्या ध्यानात राहते. येथे कोणी सहलीला येत नाही. पण वाऱ्याची करामत पाहायची असेल, तर उन्हाळ्यात वाडी सोडून दूर जाण्याचे कारण नाही.

वैशाखातली गोष्ट. शेजारी घराचे बांधकाम चालले होते. गिलाव्यासाठी चाळलेली कन्हानची रेती अंगणात पसरली होती. दुपारभर झळा वाहिल्या आणि संध्याकाळी पाहतो तो रेतीवर चार-चार बोटांच्या अंतराने सारख्या लाटा! मिस्त्री म्हणाला, “सर, हवेनं रेतीले चुण्या पाडल्या नं जी!”

या चुण्यांचे शास्त्र राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी इंजिनिअरने लीबियाच्या वाळवंटात हिंडून अभ्यासले आणि १९४१ साली ग्रंथरूपाने मांडले. वारा कण उचलतो. कण उडी घेऊन पुढे पडतो आणि पडताना इतरांना ढकलतो. जरा उंचवटा असला की त्याच्या वाऱ्याकडील अंगाला मार अधिक बसतो. कण वर सरकतात आणि पलीकडे आडोशाला साठतात.

मौज अशी की मंगळावरही हाच खेळ चालतो. २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ ही यंत्रगाडी तेथल्या ज्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचली, त्यांना बॅग्नोल्डचेच नाव दिलेले आहे. कन्हानची रेती उजळ. तेथली मात्र काळसर, बेसाल्टची, म्हणजे वाडीच्या पायाखालच्या काळ्या दगडाची सोयरी! तिच्यावर आपल्यासारख्या बारीक चुण्या होत्याच. शिवाय सुमारे तीन-तीन मीटर अंतराच्या लाटाही होत्या. आपल्या वाळवंटांत असा मधला आकार सहसा दिसत नाही. मंगळावर हवेचा दाब आपल्या शतांशाहूनही कमी. त्या विरळपणाशीच अनेक शास्त्रज्ञ या लाटांचा संबंध जोडतात.

म्हणजे हवा कशी होती, हे वाळू सांगते. मंगळावरच्या प्राचीन वालुकाश्मांतही अशाच मोठ्या लाटांचे ठसे आहेत. जेथे एकेकाळी नद्या वाहिल्या, त्या ग्रहाची हवा तीन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीच विरळ झाली असावी, असे काही अभ्यासक त्यांवरून म्हणतात. हवा गेली, तिचे हस्ताक्षर तेवढे दगडात राहिले.