उतरायचंय का?

मी मूळचा डोंबिवलीचा, गेली अकरा वर्षं लंडनमध्ये. कामानिमित्त भटकंती बरीच होते. नवं शहर मी तिथल्या राजवाड्यांवरून किंवा पुलांवरून ओळखत नाही. गाडीत शेजारचा माणूस बोलतो का, ते बघतो. आमच्या स्टेशनावर वाढलेल्या माणसाला दुसरं माप सुचत नाही.

लंडनमध्ये तो बोलत नाही. आलो त्या आठवड्यात सरकत्या जिन्यावर डावीकडे उभा राहिलो. तिथे उभं राहायचं ते उजवीकडे, डावी बाजू घाईवाल्यांची. मागून कुणीतरी खाकरलं. बस, नुसतं खाकरलं. पण मला अजून ते ऐकू येतं. बाकी ऑफिसात कुणी भुयारी रेल्वेचा तोरा मिरवला, 1863 ची, जगातली पहिली वगैरे, की मी बोरीबंदर–ठाणे गाडीची तारीख सांगतो: 16 एप्रिल 1853. जमिनीवरून धावणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे त्याच्याही आधी होत्या, हे मात्र सांगत नाही.

टोकियोत जिन्यावर उभं राहायचं ते डावीकडे. अकरा वर्षांची सवय तीन दिवसांत सुटते थोडीच! तिथल्या शिंजुकू स्टेशनाला बाहेर पडायचे दोनशेहून अधिक रस्ते आहेत. मला हवा तो सोडून बाकी सगळे सापडले. शेवटी सुटातल्या एका गृहस्थांना फोनवरचा नकाशा दाखवला. ते काही न बोलता पुढे चालू लागले. दहा मिनिटं चालून मला बरोबर दारात नेऊन सोडलं, कमरेत वाकले आणि आलो त्याच वाटेने परत गेले. म्हणजे त्यांना उलट्या दिशेला जायचं होतं! गाडीत मात्र तीच माणसं मख्ख. डब्यात फोनवर बोलायचं नाही, असा तिथला दंडक. आईचा फोन आला तो मी चोरासारखा कापला.

न्यूयॉर्कला मामेबहिणीकडे निघालो होतो, क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला. सात नंबरची गाडी पकडली. तिचा आकडा गोलात असेल तर ती स्लो आणि चौकटच्या आकारात असेल तर फास्ट, हे मला माहीत नव्हतं. माझं स्टेशन धाडकन मागे पडलं. चेहरा उतरलेला बघून समोरच्या बाई ओरडल्याच, ‘‘जंक्शन बुलेव्हार्डला उतर, पलीकडची गाडी घे!’’ लगेच दुसऱ्याने त्यात दुरुस्ती केली, तिसऱ्याने त्या दुरुस्तीला हरकत घेतली. मी कुठून आलो, कुणाकडे चाललोय, याचीही चौकशी झाली. ते डबाभर शहाणपण ऐकताना मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. फास्ट-स्लोमध्ये चुकलो आणि तोही डोंबिवलीकर, हे बहिणीने अजून साऱ्या नातेवाइकांत पसरवत ठेवलंय.

यंदा मे महिन्यात घरी गेलो. संध्याकाळी सीएसएमटीहून कसारा फास्ट. दादरनंतर चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘‘कुठे उतरणार?’’ म्हटलं, डोंबिवली. मुंब्रा गेलं तसे ते म्हणाले, ‘‘उठा आता.’’ मी म्हटलं, ‘‘अजून वेळ आहे, येऊ दे की स्टेशन.’’ त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘बाहेर असता का?’’

लंडनमध्ये गाडी थांबल्यावर उठतात. आतले उतरेपर्यंत बाहेरचे दाराच्या दोन बाजूंना उभे राहतात. डोंबिवली आली, मी उठलो, बॅग शोधली, ‘‘एक्सक्यूज मी’’ म्हणालो. तेवढ्यात उतरणारे उतरून गेले होते आणि चढणाऱ्यांनी मला पुन्हा आत ढकललं. गाडी सुटली. काका हसले नाहीत, सरकून जागा दिली आणि म्हणाले, ‘‘बसा. आता कल्याण.’’

कल्याणला उतरलो आणि परतीची स्लो पकडली. ठाकुर्ली यायच्या आधीच उठून दारात उभा राहिलो.