तुकोबांचा सेतू

आमचे नाशिक हे तीर्थांचे गाव. रामकुंडावर पहाटेपासून स्नानासाठी लोक जमतात. जवळच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची प्राचीन लेणी आहेत. मशिदीतून बांग ऐकू येते, तर शरणपुरात ख्रिस्ती बांधव उपासनेला जमतात. हे सारे आपण नित्य पाहतो. परंतु दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळावरून शांतपणे जाणे निराळे आणि तेथेही परमेश्वराचे कार्य चालले आहे, असे मनापासून मानणे निराळे. हे दुसरे फार अवघड आहे. त्याचा विचार मनात आला, की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. नाशिकात त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी धर्म बदलणे म्हणजे घरादाराला पारखे होणे. पत्नी व लहानगा मुलगा यांच्यापासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. एवढे मोल देऊन स्वीकारलेल्या धर्मावर त्यांची निष्ठा अढळ होती.

अशा मनुष्याने मागचे सारे टाकून दिले असते, तरी नवल नव्हते. टिळकांनी तसे केले नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत. नदी ओलांडल्यावर पूल मोडावा, असे त्यांना वाटले नाही. ख्रिस्ताची स्तुती त्यांनी अभंगांतून गाइली. त्याची कथा कीर्तनातून सांगितली. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जातात.

लक्ष्मीबाई तर कडक सोवळ्यात वाढलेल्या. पतीकडे परतल्यावरही आरंभी त्या सोवळे पाळीत. पुढे, जातिभेद देवाने नव्हे, माणसांनी निर्मिला, असे त्यांच्या मनाने घेतले. १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. तरी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात जुन्या घरातील माणसांविषयी त्यांनी जिव्हाळ्यानेच लिहिले. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पुढे नेले. त्या नावातच रामायणाचा प्रतिध्वनी नाही का?

मुलांनो, कोणी विचारील, "दुसऱ्यांच्या संतांना वंदन केल्याने आपली श्रद्धा उणी होणार नाही काय?" टिळकांची श्रद्धा उणी झाली नाही. आपण कोणाला शरण जावे, हे त्यांनी निश्चित ठरविले होते. मात्र देवाने कोणाच्या मुखाने बोलावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला नाही. ही नम्रता मला मोठी वाटते. परक्या प्रार्थनेचे सूर कानी पडले, तर क्षणभर थांबून तिचे शब्द ऐकावे. त्यांत आपल्याच मनातले काही सापडण्याचा संभव असतो.