आम्हाला की आमच्याकडे?

मराठीत क्रियापदांची वानवा नाही. परंतु इंग्रजीतील 'हॅव' या इवल्याशा क्रियापदाला आपल्याकडे जोड नाही. आपण 'असणे' या एकट्यावर भागवतो आणि अर्थातला बारकावा प्रत्ययांवर सोपवतो. मला दोन बहिणी आहेत, माझ्याजवळ दहा रुपये आहेत, माझे वसईला घर आहे, मला ताप आहे. इंग्रज मनुष्य चारही ठिकाणी 'आय हॅव' म्हणून मोकळा होतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते रचताना ही मायबोलीची सवय त्यांना बाजूस ठेवावी लागली असणार!

याच्या उलट वाटेने चालणारी मुले मी हिंगोली जिल्ह्यात पाहिली. वसमत तालुक्यातील एका गावी मी काही वर्षे इंग्रजी शिकवीत असे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, तरी 'हॅव' सातवीपर्यंत रुसलेलेच असे. 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' हे वाक्य तर काही केल्या पाठ सोडीना. नाते, मालकी, दुखणे सांगताना 'हॅविंग' नको. 'वी आर हॅविंग लंच' मात्र चालते, कारण तेथे जेवण्याची क्रिया चाललेली असते. 'ही' किंवा 'शी' आली की 'हॅज'. एवढे उमगायला एक अख्खा पावसाळा जाई. 'हॅव म्हणजे आहे' असे घोकून घेणाऱ्या मार्गदर्शिकांवर माझा म्हणूनच राग आहे.

हळदीच्या शेतात आईवडिलांसोबत राबणाऱ्या एका मुलीने निबंधात लिहिले, 'वी हॅव टू एकर्स ऑफ लँड.' व्याकरण निर्दोष होते. त्या दिवशी तिचे वडील शाळेत आले होते. बटईने शेत करणारे गृहस्थ. त्यांनी अर्थ विचारला. मुलगी म्हणाली, "आम्हाला दोन एकर शेती आहे."

वडील चपापले. "आम्हाला कुठं हाय, बाई? आमच्याकडं हाय. मालकाच्या कानावर गेलं म्हंजे?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. 'हॅव'च्या पोटात 'आम्हाला' आणि 'आमच्याकडे' दोन्ही मावतात; सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे ते सांगत नाही. त्यासाठी इंग्रजीला 'ओन' हे निराळे क्रियापद काढावे लागते. ते मी फळ्यावर लिहिले. मुलीने थोडा विचार करून आपल्या वाक्याखाली लिहिले, 'वी डू नॉट ओन इट.'

वडिलांनी ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि मगच वहीवर सही केली.