ताटाची डावी बाजू

डाएटिशियन मॅडमनी ॲपमधली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि वहिनींना विचारलं, "बाकीचं कुठं लिहिलंय?"

बाकीचं नव्हतंच. दिवसाला पंधराशे कॅलरी खाऊन सावकाश वजन उतरवायचं, असं ठरलं होतं. वहिनींची बेरीज आठशेच्या पुढं सरकत नव्हती. पंधराशेच्या वर जायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. तिथपर्यंत पोचायचंही असतं, हे घरात कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीत वही घेऊन बसले होते. गुडघ्यांमुळं डॉक्टरांनी वहिनींना दहा किलो कमी करायला सांगितलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचं खातं माझ्याकडं आलं होतं.

मॅडमना आधी वेगळाच संशय आला, आणि तो रास्त होता. 1992 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला. आपण बाराशेच्या आत खातो तरी वजन हलत नाही, असं सांगणाऱ्या लोकांना संशोधकांनी कसून तपासलं. त्यांच्या शरीराचं ज्वलन ठीकठाक निघालं; खाल्लेलं मात्र त्यांनी सरासरी 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि केलेले श्रम 51 टक्के जास्त. यात लबाडी असतेच असं नाही. फोडणीचं तेल, पोरांच्या ताटातलं उरलेलं, मीठ बघताना तोंडात गेलेला घास, हे कोण लिहून ठेवतं? मॅडमनी तर महिन्याला तेलाच्या पिशव्या किती लागतात आणि घरात माणसं किती, इथपर्यंत उलटतपासणी घेतली. वहिनींचा हिशेब चोख होता. घोटाळा ताटातच होता.

सकाळी कोरड्या तव्यावर मुगाचं धिरडं, शंभर कॅलरी. दुपारी पन्नास ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, पावणेदोनशे. अर्ध्या चमचा तेलातली पालेभाजी, वाटीभर काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर पातळ ताक, तिन्ही मिळून सव्वाशे. चार वाजता पपई. रात्री दुधी भोपळ्याचं सूप, वाटीभर वरण, परत कोशिंबीर. बिनसाखरेचे दोन चहा. लागले की कसेबसे सातशे.

बघणाऱ्याला ताट गच्च दिसायचं आणि वहिनींचं पोटही खरोखरच भरायचं. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी. जठर ताणलं गेलं की भूक मिटते, मग ते पाण्यानं ताणलेलं का असेना. अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेलं गणित आजही पाकिटांवर चालतं: ग्रॅमभर पिष्ट किंवा प्रथिनाला चार कॅलरी, स्निग्धाला नऊ. वहिनींनी पहिल्याच दिवशी नेमके नऊवाले हद्दपार केले होते. तेल, तूप, शेंगदाणे, तीळ, सगळे फळीच्या वरच्या कप्प्यात. कोल्हापुरातल्या घरात खोबऱ्याचं वाटणसुद्धा बंद, म्हणजे बघा.

"कमी खाल्लं तर लवकर उतरेल की, मॅडम," वहिनी म्हणाल्या.

सुरुवातीला उतरलंही होतं. मग काटा अडला. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. मार्च संपत आला तरी पंख्याखाली शाल लागायची. बँकेतून आल्यावर जिना चढायला नको, कुणाशी बोलायला नको. थायरॉइड तपासला, तो नॉर्मल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2020 चं कोष्टक सांगतं की बैठं काम करणाऱ्या पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला 1,660 कॅलरी लागतात. वहिनी अठ्ठ्याहत्तर किलोच्या, आणि खाणं त्याच्या निम्म्याहून कमी.

मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल मी नंतर वाचलं. महायुद्ध चालू असताना, 1944-45 मध्ये, ॲन्सेल कीज यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण हातात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार देणारे, स्वखुशीनं आलेले. उपासमारीनं खंगलेल्या युरोपला पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे त्यातून शोधायचं होतं. दिवसाला साधारण 1,570 कॅलरी आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणं. वजन पाव हिश्शानं उतरलं आणि नुसतं पडून राहिल्यावर शरीर जेवढं जाळतं ते सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. माणसं ताटं चाटायला लागली, अन्नात पाणी घालून ते वाढवायला लागली. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. वहिनींची आणि त्यांची तुलना सरळ होत नाही; ते मुळात सडपातळ होते, वहिनींकडं साठा होता. पण त्या दिवसांत रात्री अकरापर्यंत वहिनींच्या मोबाइलवर बिर्याणीचे व्हिडिओ चालायचे, ते मला तेव्हा आठवले.

मॅडमनी औषध लिहून दिलं ते ताटाच्या डाव्या बाजूचं. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे आणि वर कच्चं तेल एक चमचा: दीडशे कॅलरी, जागा लिंबाच्या फोडीएवढी. गाजराच्या कोशिंबिरीला दाण्याचं कूट आणि फोडणी. गाजरातलं बीटा कॅरोटिन अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतंच. वरणावर तूप. जेवणात स्निग्ध नसलं की पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि वजन भराभर उतरत असलं तर त्यात खडे धरतात, हेही त्यांनी सांगितलं. सुपाच्या जागी मटकीची उसळ, ताकाच्या जागी दही, चार वाजता केळं आणि मूठभर शेंगदाणे.

कागदावर सोपं. खाताना वहिनींची दमछाक व्हायची. भूकच मेलेली. रात्री नऊला बेरीज करायची तर अजून तीनशे बाकी आणि वहिनी म्हणायच्या, "आता घशाशी आलंय गं." मग पन्नास ग्रॅम पनीर, नाहीतर कपभर दूध. जेवणाचा क्रमही बदलावा लागला: आधी उसळ-भाकरी, काकडी शेवटी, पाणी त्याच्याही नंतर. प्रत्येक चमचा तुपाला त्यांचा हात अडखळायचा.

हात अडखळायला चार माणसं मदत करतातच. सातशे कॅलरीवर असताना कौतुकाला तोटा नव्हता. "काय कंट्रोल आहे हो तुमचा!" शेजारच्या काकू म्हणायच्या. तूप परत आलं तेव्हा त्याच काकू म्हणाल्या, "डाएट सुटलं वाटतं?" बाईनं कमी खाल्लं की शाबासकी आणि पोटभर खाल्लं की चौकशी, हे वजनाच्या काट्याच्या फार आधीपासून चालत आलंय. आमच्या आईनं जन्मभर सगळ्यांच्या मागून, पातेल्यात उरेल ते खाल्लं. तिला हे प्रकरण झेपणार नाही, असं मला वाटलं होतं. तिनं चटणीत आळं करून तेल ओतलं आणि म्हणाली, "कोरडी चटणी घशात अडकती. खा."

काटा हलायला वेळ लागला, आणि आधी तो किलोभर वरच गेला. तो आठवडा घरात कठीण गेला. अंगात पिष्टाचा साठा परत भरतो तेव्हा त्याच्याबरोबर पाणीही साठतं, हे मॅडमनी फोनवर तीनदा समजावलं. आता वजन उतरतंय, पहिल्यापेक्षा बरंच सावकाश. शाल कपाटात गेली. केसांचं अजून नक्की सांगता येत नाही.

संकष्टी मात्र अडून बसली आहे. रात्री चंद्रोदयानंतर एका जेवणात पंधराशे बसत नाहीत, हे वहिनींनीच सिद्ध करून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, दिवसा राजगिऱ्याचा लाडू, दूध, उकडलेले शेंगदाणे घ्या. "उपासाला एवढं खाल्लं तर उपास कसला?" वहिनींनी विचारलं. मॅडमनी वाद घातला नाही. पुढच्या संकष्टीला चंद्रोदय किती वाजता आहे ते विचारलं आणि केसपेपरवर लिहून घेतलं.