निळ्या खांबाची वाट

सीमाभाग हा शब्द आम्हा इचलकरंजीकरांना नवा नाही. कर्नाटकची हद्द इतकी जवळ, की लग्नाच्या पंगतीत एका कानाला मराठी आणि दुसऱ्या कानाला कानडी ऐकू येते. कुठे काही बिनसले, की पहिल्यांदा एसटी बंद पडते. त्यामुळे एडिंबरात नर्स असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने जेव्हा फोनवर सांगितले, “ताई, या वेळी तुम्हा दोघींना बॉर्डर्सला नेणार आहे,” तेव्हा मी आधी विचारले, “तिथलं वातावरण कसं आहे?” ती हसतच सुटली.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडला लागून असलेल्या डोंगराळ मुलखाचे नावच ‘बॉर्डर्स’ आहे. त्याच्या मधून ट्वीड नदी वाहते. लांबी सुमारे १५६ किलोमीटर. गंमत अशी, की बहुतेक वाट ती स्कॉटलंडमधून चालते, शेवटी शेवटी सुमारे २७ किलोमीटर दोन देशांची हद्द होते आणि समुद्राला मिळते ती मात्र इंग्लंडात, बेरिक गावी. हे बेरिक कधी या राजाकडे तर कधी त्या राजाकडे, असे तेरा वेळा झाले म्हणतात. १४८२मध्ये ते कायमचे इंग्लंडकडे गेले. तरीही गावचा फुटबॉल संघ आजही स्कॉटलंडच्याच स्पर्धांत खेळतो. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

२०२४च्या जूनमध्ये मी आणि माझी अकरा वर्षांची लेक चार दिवस इनरलीदन या गावी राहिलो. बहीण, तिचा नवरा आणि त्यांचा मुलगा बरोबर होतेच. गाव लहान, नदीकाठचे, एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांवर जगणारे. ट्वीड नावाचे जाड लोकरी कापड आपल्याकडेही जुन्या कोटांमुळे माहीत आहे. मूळ शब्द ‘ट्वील’ होता, लंडनच्या कुणा व्यापाऱ्याने पत्रात तो चुकून ‘ट्वीड’ असा वाचला आणि तेच नाव रूढ झाले, असे तिथे सांगतात. आता बहुतेक माग थांबलेत. रेल्वे १९६२मध्ये बंद झाली. पीबल्स ते इनरलीदन हा तिचा मार्ग आता पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आहे.

त्यात २००१मध्ये जनावरांना लाळ्या-खुरकूत आला. ब्रिटनभर साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यात स्कॉटलंडचा हा दक्षिण पट्टा होरपळून निघाला. रोग पसरू नये म्हणून डोंगरातल्या पायवाटासुद्धा बंद केल्या होत्या. शेतकऱ्याकडे जनावर नाही आणि खानावळीत पाहुणा नाही, अशी अवस्था. या मुलखाला पुन्हा उभे करण्यासाठी जे उपाय झाले, त्यातला एक म्हणजे सरकारी जंगलांतून खास सायकलींसाठी बांधलेल्या वाटा. त्यांना ‘सेव्हन स्टेन्स’ म्हणतात. ‘स्टेन’ म्हणजे तिथल्या बोलीत दगड. प्रत्येक ठिकाणी गॉर्डन यंग या शिल्पकाराने केलेला एक दगड बसवला आहे.

डोंगरातली सायकल म्हणजे आपली रस्त्यावरची सायकल नव्हे. तिचे टायर रुंद आणि खोल खाचांचे, पुढच्या चिमट्यात धक्का सोसणारा शॉक आणि ब्रेक चाकाच्या रिमला नव्हे तर मध्यावरच्या पोलादी चकतीला लागणारा. आम्ही ती भाड्याने घेतली. दुकानातल्या मुलीने लेकीची उंची पाहून सीट लावली, हेल्मेटच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहिली, मग माझ्याकडे वळून विचारले, “आणि तुम्ही?” मी म्हटले, मी नुसती बघायला आले आहे.

त्याला कारण होते. माझे बाबा इचलकरंजीत सायझिंगमध्ये कामाला होते. अॅटलस सायकल, हँडलला डबा, कॅरिअरला मी. २००३ साली रात्रपाळी संपवून येताना मागून ट्रकने उडवले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे जयपूर फूट बसला, बाबा चालू लागले, पण सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. मी तेव्हा पंधरा वर्षांची. आईने मला सायकलला हात लावू दिला नाही आणि मीही कधी हट्ट धरला नाही. घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. आज मी पुण्यात राहते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात माझी लेक सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल सायकल फिरवते. फाटकाबाहेर मी तिला जाऊ देत नाही. त्याबद्दल कुणी मला भित्री म्हटले, तर खुशाल म्हणावे. डंपर आणि बस यांच्या मधून अकरा वर्षांच्या मुलीने वाट काढावी, हा धीटपणा मला मान्य नाही.

म्हणूनच ग्लेनट्रेसच्या जंगलाच्या तोंडाशी लावलेल्या फलकासमोर मी इतका वेळ उभी राहिले असेन. ब्रिटनचे वनखाते १९१९मध्ये, पहिल्या महायुद्धात लाकूड संपत आल्यावर स्थापन झाले आणि लवकरच इथे लागवड सुरू झाली. आता स्प्रूस, लार्च, डग्लस फर यांची उंच रांग आहे. त्यातून जाणाऱ्या सायकलवाटांचे रंग ठरलेले आहेत. हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, मग तांबडी आणि शेवटी काळी. फलकावर नुसते ‘सावधान’ लिहिलेले नाही. ही वाट कुणासाठी, चढ किती, पृष्ठभाग कसा, वाटेत कसले अडथळे, हे सगळे तिथे सांगितलेले. पुढे जंगलात प्रत्येक फाट्यावर त्या त्या रंगाचा खांब. २०२३च्या जागतिक सायकल स्पर्धेतल्या डोंगरी सायकलींच्या क्रॉस-कंट्री शर्यती याच जंगलात झाल्या. टॉम पिडकॉक आणि पोलीन फेराँ-प्रेव्हो इथेच जिंकले. आणि त्याच फलकावरच्या हिरव्या वाटेवर पाच-सहा वर्षांची पोरे आईबापांबरोबर निघालेली. कुणी कुणाला हिणवत नाही. “आम्ही आज निळ्यावर,” एवढेच म्हणतात.

आपल्याकडे भीतीचे असे भाग पाडलेले नसतात. ‘जपून जा’ एवढेच सांगतात. कुठे, कशापासून, किती, ते नाही. मग जाणारा एक तर अजिबात जपत नाही किंवा घरीच बसतो.

लेक आणि भाचा दिवसभर हिरव्या वाटेवर फिरले. दुसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, “ताई, आज निळी. तू येणार का फाटकाशी बसणार?” मी बसले नाही. भाड्याची सायकल घेतली आणि मोकळ्या जागेवर दोन फेऱ्या मारल्या. पोहण्यासारखेच आहे हे, अंग विसरत नाही. फक्त पोटऱ्या वीस वर्षांचा हिशेब मागतात.

चढण लांब आणि वळणावळणाची होती. धाप लागली की थांबायचे. मागचा माणूस हसून पुढे जातो. उतार सुरू झाला तसा माझा जीव वर आला. पण वाट हुशारीने बांधलेली आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मातीचा बांध चढवलेला, त्यामुळे चाक आपोआप आत झुकते. पाणी साचू नये म्हणून तळाला दगड आणि खडी ठासलेली. बहुतेक वाटा एकेरी, म्हणजे समोरून कुणी येत नाही. मागून ट्रक तर येतच नाही. हे शेवटचे वाक्य मी उतारावर स्वतःशी किती वेळा म्हटले, ते मलाच माहीत.

लेक माझ्या पुढे होती. बहिणीने तिला एवढेच शिकवले होते, की उतारावर पेडल आडवे ठेवायचे, सीटवरून उठायचे, एकेका बोटाने दोन्ही ब्रेक हलके धरायचे आणि चाकाकडे न बघता पुढच्या वळणाकडे बघायचे. एका वळणावर ती झाडांआड गेली आणि मला दिसेनाशी झाली. हाक मारणार होते. मारली नाही. पुढच्या निळ्या खांबापाशी ती एक पाय टेकून उभी होती. “आई, किती वेळ!” म्हणाली.

या वाटा एकदा बांधल्या की संपले असे नाही. पाऊस आणि चाके मिळून त्या खात असतात. २०२१च्या नोव्हेंबरात आर्वेन नावाच्या वादळाने या खोऱ्यात झाडांचे पट्टेच्या पट्टे आडवे केले आणि कित्येक वाटा बंद ठेवाव्या लागल्या. दुरुस्तीला वनखात्याबरोबर गावातले स्वयंसेवकही फावडी घेऊन येतात. डोंगरात कुणी पडले तर बचाव पथकही स्वयंसेवकांचे. वाटांना तिकीट नाही, गाडी उभी करायचे पैसे तेवढे पडतात.

तिसऱ्या दिवशी तांबड्या वाटेवर बहीण आणि तिचा नवरा गेले. आम्ही तिघे मिंचमूरच्या डोंगरावर जुन्या गुरांच्या वाटेने चालत निघालो. तिथे ‘चीज वेल’ नावाचा झरा आहे. पूर्वी जाणारा-येणारा तिथल्या पऱ्यांसाठी चीजचा तुकडा टाकून पुढे जाई. घाटात देवीला नारळ वाढवतात, तसेच. भाच्याने आपल्या सँडविचमधले चीज काढून ठेवले. त्याला ते आवडत नाही हे मला माहीत होते, पण पऱ्यांना कशाला सांगा. उतरल्यावर गावातला स्मेल यांचा जुना छापखाना पाहिला. १८६६चा, पूर्वी पाणचक्कीवर चालणारा. अजूनही तिथे खिळे जुळवून छापून दाखवतात. पत्रकारितेच्या पदविकेत जे आम्ही फक्त परीक्षेपुरते पाठ केले होते, ते इथे बोटांना लागले.

शेवटच्या दिवशी गाडीने न्यूकॅसलटनला गेलो. या बाजूची हद्द म्हणजे केर्शप नावाचा ओढा. सोळाव्या शतकापर्यंत दोन्हीकडची घराणी रात्री घोड्यांवरून येऊन एकमेकांची गुरे पळवत. ‘ब्लॅकमेल’ हा शब्द याच मुलखातला. लुटू नये म्हणून द्यायच्या खंडणीसाठी तो होता. तंटे मिटवायला दोन्ही बाजूंचे अधिकारी ओढ्याकाठी जमत आणि त्या दिवशी कुणी कुणाला धरायचे नाही, असा करार असे. १५९६मध्ये इंग्लंडच्या लोकांनी तो मोडून विली आर्मस्ट्राँगला घरी परतताना पकडले. त्याच्या लोकांनी कार्लाइलच्या किल्ल्यात घुसून त्याला सोडवून आणले. आज त्याच हद्दीवर यंग यांचा दगड आहे. मध्ये आरपार भोक. एका बाजूने लेकीने हात घातला, दुसऱ्या बाजूने भाच्याने. एक जण स्कॉटलंडात, एक इंग्लंडात.

हद्द अगदीच पुसली आहे असे मात्र नाही. स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवरून पायी किंवा सायकलवरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे. ओढ्यापलीकडे इंग्लंडात तसा सरसकट हक्क नाही. घोड्यांच्या ठरावीक वाटांवर सायकल चालते, साध्या पायवाटेवर तो हक्क नाही. तोच डोंगर, तेच गवत, फक्त कायदा वेगळा.

बाबांना हे सगळे सांगावे की नाही, यावर आम्हा बहिणींचे एकमत होत नव्हते. मी म्हणत होते, पुण्याला जाऊन शांतपणे सांगू. त्या रात्री लेकीनेच व्हिडिओ कॉल लावला आणि सायकलच फोनसमोर धरली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “एवढ्या उतरणीला रिम तापत न्हाई?” लेकीने ब्रेकची चकती दाखवली. “मागचं चाक उचल बघू. पेडल मार. आता सोड.” चाक टरटर करत फिरत राहिले. बाबांनी कान फोनजवळ आणला होता, आम्हाला नुसते पांढरे केस दिसत होते.

“फ्रीव्हील चांगलं बोलतंय,” ते म्हणाले.

मागून आईचा आवाज आला, “टोपी घातलीया नव्हं तिनं?”