तिळाएवढी फट

संक्रांतीच्या सुमाराला गड्डा यात्रेचे दिवस आले की माझं निम्मं लक्ष सोलापुरात असतं. तिकडे नंदीध्वज निघालेले असतात आणि इथं शिकागोत आम्ही खिडक्यांच्या फटी बुजवत असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संक्रांतीला मी तिळगूळ वळायला खाली बसले होते. परातीतून मूठभर तीळ सांडले. गोळा करायला हात फिरवला तर थोडेच हाती लागले. बाकीचे फळ्यांच्या मधल्या फटींत शिरले होते. ती ओकची जमीन आम्ही आदल्या ऑगस्टमध्ये घालून घेतली होती. तेव्हा दोन फळ्यांच्या मध्ये नखसुद्धा जात नव्हतं.

ज्यांनी ती बसवली त्यांना फोन केला. लाकूड आहे, असं व्हायचंच, एवढं सांगून त्यांनी विषय संपवला. सकाळी माल उतरवून संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या ठोकून ते गेले होते, हे मला तेव्हा कौतुकाचं वाटलं होतं. खरी चूक तीच होती, हे कळायला ते तीळ सांडावे लागले.

दमट हवेत लाकूड पाणी ओढून घेतं, कोरड्या हवेत सोडतं. पाणी सोडलं की ते आक्रसतं, पण लांबीत नव्हे, रुंदीत. लांबीतला फरक नगण्यच. लाल ओकच्या साध्या चिरलेल्या, पाच इंच रुंदीच्या फळीतला ओलावा नऊ टक्क्यांवरून पाचवर आला तर ती फळी जवळजवळ २ मिलिमीटर अरुंद होते. तीळ आडवा पडायला तेवढी जागा पुरते. तीच पट्टी सव्वादोन इंची असेल तर हा फरक १ मिलिमीटरच्या आत राहतो, आणि एकूण आक्रसणं जास्त फटींत वाटलं जाऊन डोळ्यांना फारसं दिसत नाही. आम्ही दुकानात पाच इंची फळी निवडली होती, कारण मासिकांतल्या चित्रांत तशीच असते.

आता बर्विनमध्ये घर घेतलंय. शिकागोच्या पश्चिमेला जवळच असलेलं हे गाव विटांच्या बंगल्यांसाठी ओळखलं जातं. बहुतेक १९२०च्या दशकातले, चेक कुटुंबांनी वसवलेल्या गल्ल्यांतले. आमच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता. कपाटाच्या आतला त्याचा कोपरा मी पक्कडीनं उचकटला, तर खाली सव्वादोन इंची लाल ओक. शंभरीला आलेलं लाकूड, आणि सांधे अजून घट्ट. ज्यांनी ते बसवलं त्या सुतारांच्या हातात ओलावा मोजायचं यंत्र नव्हतं, पण अरुंद पट्टी का घ्यायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खालचा मजला घासून पुन्हा पॉलिश करायचा, हे तिथंच ठरलं. भरीव पट्टी पाऊण इंच जाडीची असते, शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या तिच्या जिभेच्या वरचं लाकूड कित्येकदा घासता येतं. वर पातळ पापुद्रा आणि खाली प्लायवुड अशी ‘इंजिनिअर्ड’ फळी एकदा, फार तर दोनदा. ती वाईट नसते. तळघरातल्या काँक्रीटवर तीच घालावी, कारण काँक्रीटमधून ओल वर येत राहते आणि भरीव लाकूड तिथं टिकत नाही. प्रश्न उरला माळ्यावरच्या खोलीचा. तिथं आई राहणार होती आणि तिथली जमीन नव्यानंच करायची होती.

आईचा पहिला कौल सागाचा. साखर पेठेतल्या आमच्या घराला शहाबादी फरशी होती, कलबुर्गीच्या पुढच्या शहाबादहून रेल्वेनं येणारी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की दुपारी त्या फरशीवर पाणी मारून आम्ही भावंडं उघड्या पाठीनं पडायचो. लाकूड होतं ते वर, तुळईला आणि दाराच्या चौकटीला, आणि ते सागाचं. त्यामुळे लाकूड म्हणजे साग, हे तिच्या मनात पक्कं. मीही तेच मानत होते. मग कठीणपणाचे आकडे बघितले. गॅब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन संशोधकानं १९०६ साली ही चाचणी काढली. सव्वाअकरा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तो मोजायचा. लाल ओकला १,२९० पौंड लागतात, पांढऱ्या ओकला १,३६०, इथल्या हार्ड मेपलला १,४५०. आणि सागाला हजार-अकराशेच्या आसपास. साग टिकतो तो अंगातल्या तेलामुळे, वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही म्हणून. खुर्चीचा पाय ओढला तर ओकपेक्षा तोच लवकर दबेल. आईला हे सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणून तर गाडीचं चाक बाभळीचं करत होते की गं, सागाचं नाही.”

दुकानदारानं ‘ब्राझिलियन चेरी’ही दाखवलं होतं, कठीणपणा २,३५०. ते चेरी नव्हेच, दक्षिण अमेरिकेतलं जाटोबा. नुसत्या कठीणपणावर जमीन निवडू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. ज्या घरात माणसं जमिनीवर बसून जेवतात, विळी घेऊन भाजी चिरतात, तिथं चरे पडणारच. ते चरे ज्यात मिसळून जातील असं ठळक रेषांचं लाकूड घ्यावं, आणि वर चकचकीत नव्हे, मॅट पॉलिश.

नमुन्याचे दोन तुकडे घरी आणले होते, एक लाल ओक, एक पांढरा. लेकीनं शाळेत ऐकलेलं करून दाखवलं. लाल ओकच्या तुकड्याचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकलं. पाण्यात बुडबुडे आले! लाल ओकच्या नळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळ्या असतात. पांढऱ्या ओकच्या नळ्या झाडातच बुजतात, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. आईनं चष्मा कपाळावर सरकवून तो तुकडा डोळ्याजवळ धरला. टोकाला सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसत होती. पाण्याचा विचार केला तर पांढरा ओक सरस. पण माळ्यावर पाणी सांडायचा प्रश्न नव्हता आणि जिन्यावरून दोन्ही मजले एकदम दिसतात, म्हणून खालच्याला जुळणारा लाल ओकच घेतला, सव्वादोन इंची. स्वयंपाकघरात मात्र टाइल. फोडणी उडते, हळद सांडते, आणि आईला रोज पाण्यानं फरशी पुसल्याशिवाय घर स्वच्छ वाटत नाही. लाकडावर बादली ओतता येत नाही, हे तिच्या गळी उतरवायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

फेब्रुवारीत फळ्यांचे खोके आले. या वेळी मी ते लगेच ठोकू दिले नाहीत. खोके फोडून फळ्या माळ्यावरच आडव्या रचून ठेवल्या. खालच्या प्लायवुडमधला ओलावा आणि फळीतला ओलावा यांत, इतक्या अरुंद पट्टीला, चार टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नको. तीन इंच आणि त्याहून रुंद फळीला दोनच टक्के चालतात. शिवाय घरातल्या हवेचा ओलावा वर्षभर ३५ ते ५० टक्क्यांच्या मध्ये धरायचा. इथल्या हिवाळ्यात हीटर सुरू झाला की तो आपोआप वीसच्या खाली जातो, ओठ फुटतात, चादर ओढली की ठिणगी उडते.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहानं समजावत होते. तिला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. तिचे वडील सोलापुरात गिरणीत मागावर कामाला होते. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून खात्यातली हवा मुद्दाम ओलसर ठेवत, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. शेजारच्या पद्मशाली घरात खड्डामाग होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि जमिनीतला ओलावा ताण्याला मिळायचा. “लाकूड म्हंजे तरी काय, दोरेच की,” ती फळीच्या रेषांवरून बोट फिरवत म्हणाली. कोरड्या गावात कापड विणून पोट भरलेल्या लोकांची ही मुलगी. मला जे पुस्तकं वाचून कळलं, ते तिच्या घरात रोजच्या बोलण्यातलं होतं.

तिनं आणखी एक गोष्ट ठरवून टाकली. रबरी पाठीच्या चटया लाकडावर टाकू नका, पॉलिशवर डाग पडतात, असं दुकानात सांगितलं होतं. तिनं बॅगेतून दोन सोलापुरी चादरी काढल्या. दोन्ही बाजूंनी नुसतं सूत. त्याच खोलीत खाली घालायच्या म्हणाली.

खोके येऊन आज बारावा दिवस. फळीतला ओलावा साडेआठ, खालच्या प्लायवुडचा दहा. सोमवारी सुतार येतील. या घरात जुने लोखंडी रेडिएटर आहेत. ह्युमिडिफायर चालू असतानाही आई रोज रेडिएटरवर एक पसरट पातेलं पाणी भरून ठेवते. सकाळी उठली की देवाला नमस्कार, मग भिंतीवरच्या मीटरचा आकडा. आज ३४ होता.

“एक कमी आहे,” ती म्हणाली, आणि पातेलं घेऊन नळाकडे गेली.