एकलकोंडा हेलियम

गोव्यात मोपाच्या सड्यावर विमानातून उतरलेला पाहुणा समुद्रकिनाऱ्याची वाट धरतो. तुम्ही उत्तरेला चला. पत्रादेवीची हद्द ओलांडली की सिंधुदुर्ग. तिथे विजयदुर्गला १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा होतो. १८६८ साली त्या दिवशी खग्रास ग्रहण झालं. खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम याच किल्ल्यावरून शोधला, असं तिकडे अभिमानाने सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. सूर्यप्रकाशातली हेलियमची ती अनोळखी पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच पकडली. पण कोकणाचं प्रेम मला पटतं.

हेलियम हा गृहस्थ लाजाळू. सूर्यावर दिसला, तरी पृथ्वीवर १८९५ पर्यंत सापडला नाही; रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला भेटला तो युरेनियमच्या खनिजात दडलेला. कुणाशी रासायनिक सोयरीक नाही. फुग्यातून सुटला की वर वर जात अखेर पृथ्वीच सोडतो. थंडीचं त्याला काही नाही: उणे २६९ अंशांपर्यंत वायूच राहतो, आणि नेहमीच्या दाबाखाली कितीही गारठवा, गोठत नाही.

मोठेपण आहे ते त्याच्या स्मरणशक्तीत. विश्व काही मिनिटांचं असताना दर सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला होता. म्हणजे चौदा प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन: त्यांतून एक हेलियम बनला, बारा हायड्रोजन उरले. वजनाने पाव हिस्सा हेलियम! हा पाव हिस्सा फार हळवा आहे. न्यूट्रिनो कणांची चौथी जात असती, तर विश्व अधिक वेगाने पसरलं असतं, न्यूट्रॉन जास्त वाचले असते, हेलियम वाढला असता. सर्नच्या यंत्राने १९८९ मध्ये तीन जाती मोजल्या. हेलियम त्याआधीपासूनच फार जाती नाहीत म्हणून सांगत होता.

ताऱ्यांनी पुढे त्यात भर घातली, म्हणून त्याची जुनी आठवण ऐकायला खगोलशास्त्रज्ञ झ्विकी १८ सारख्या, जड मूलद्रव्यं जेमतेम असलेल्या बुटक्या दीर्घिका गाठतात.

महास्फोट न मानणाऱ्यांनाही त्याने सोडलं नाही. १९६४ मध्ये फ्रेड हॉइलनेच टेलरसह हिशेब केला, की एवढा हेलियम साध्या ताऱ्यांत शिजणं शक्य नाही. हॉइलचे शिष्य, कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी पुढे त्याच्यासोबत पर्यायी विश्वरचना मांडली, तेव्हा हा पाव हिस्सा आला कुठून, याचं उत्तर त्यांनाही द्यावंच लागलं.